मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये

मागच्या भागाचं रेकॉर्डिंग संपलं, माइक बंद झाले आणि नेहमीप्रमाणे खऱ्या गप्पा त्यानंतर सुरू झाल्या. कुणीतरी यूट्यूबवर मुंबई दूरदर्शनच्या जुन्या बातम्या लावल्या. प्रदीप भिडे यांचा तो आवाज, समोर कागद, कुठेही घाई नाही. मग हवामान आलं. कोकण आणि गोव्यात बहुतेक ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, मराठवाडा आणि विदर्भात तुरळक ठिकाणी. मच्छीमारांना इशारा. कुलाबा अमुक, सांताक्रूझ तमुक. संपलं.

आमच्यातला एकजण म्हणाला, "यार, हे फार मिस होतं."

तो १९९८ साली जन्मला. वाढला शारजात. त्याच्या घरी दूरदर्शन लागत नव्हतं. मी विचारलं, "तू हे बघितलंस कधी?" तो हसला आणि म्हणाला, "नाही. पण मिस होतं."

त्या वेळी आम्ही सगळेच हसलो. पण ते उत्तर तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, कारण ते प्रामाणिक आहे. जे आपण पाहिलंच नाही त्याची हुरहुर वाटते, म्हणजे ती गोष्ट हरवलेली नसून आत्ता इथे कमी पडत असणार. मग ती नेमकी कोणती? कंटाळवाण्या आवाजात वाचलेली तापमानं? नक्कीच नाही. ती तर फोनवर आहेत, आणि जास्त बरोबर आहेत.

आधी हुरहुरीची झडती

जुन्या हवामान-बातम्यांबद्दल गळा काढायचा तर आधी एक मान्य करायला हवं. त्या काळात त्यांच्यावर कुणाचा फार विश्वास नव्हता. 'वेधशाळेनं पाऊस सांगितलाय ना, मग छत्री राहू दे घरी' हा विनोद महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात झालेला आहे. लोक टीव्ही बघायचे आणि पेरणीचं मृग-आर्द्रा बघून ठरवायचे. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये नक्षत्राचं वाहन कोल्हा आहे की बेडूक, याची चर्चा जास्त गंभीरपणे व्हायची.

अंदाज चुकत, कारण साधनं कमी होती. पुण्याच्या शिवाजीनगरमधली हवामान खात्याची ती दगडी इमारत तुम्ही पाहिली असेल. १९२८ मध्ये काम शिमल्याहून तिथे हललं, म्हणून पुणेकर आजही त्या चौकाला 'सिमला ऑफिस'च म्हणतात. तिथली माणसं हुशार होती, पण समुद्रावरून येणारी माहिती तुटपुंजी होती आणि गणितं करायला आजची यंत्रं नव्हती. पुण्याच्याच वसंत गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजासाठी सोळा घटकांचं मॉडेल वापरात आलं तेव्हा तो मोठा टप्पा मानला गेला. ते मॉडेलही पुढे बदलावं लागलं.

आज चक्रीवादळाचा मार्ग काही दिवस आधी कळतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ अलिबागच्या दिशेनं येत होतं तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांना आधीच हलवता आलं. ही प्रगती खोटी नाही. 'पूर्वी सगळं चांगलं होतं' असं म्हणणाऱ्याला मी विचारेन: १९८५ च्या अंदाजावर विसंबून तू होडी काढशील का?

ही हुरहुर फक्त मराठी माणसाची आहे असंही नाही. अमेरिकेत १९८२ च्या मे महिन्यात 'द वेदर चॅनल' सुरू झालं. चोवीस तास फक्त हवामान. दर दहा मिनिटांनी तुमच्या गावाचा अंदाज पडद्यावर यायचा, निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, मागे मंद संगीत. ती पाटी बनवणाऱ्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम आज लोक हौसेनं लिहितात आणि काम करताना बाजूच्या स्क्रीनवर लावून ठेवतात. त्या वाहिनीचं पुढे काय झालं हे मात्र उद्बोधक आहे. हळूहळू तिथे रिअॅलिटी शो आले. २०१४ मध्ये डायरेक्टटीव्ही या सेवेनं ती वाहिनी काही महिने काढूनच टाकली, आणि प्रेक्षकांना हवामान कमी आणि शो जास्त दिसतात हा वादाचा एक मुद्दा होता. त्यानंतर अंदाज देणारा डिजिटल धंदा आयबीएमनं घेतला आणि टीव्ही वाहिनी २०१८ मध्ये वेगळ्याच मालकाकडे गेली. अंदाज एकाकडे, पडदा दुसऱ्याकडे. सगळ्या जगात हवामान-टीव्हीचं जे झालं, ते या एका व्यवहारात दिसतं.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे किती?

आता त्या जुन्या निवेदनाकडे बारकाईनं बघू. कारण ते जितकं गोळाबेरीज वाटतं तितकं नव्हतं.

'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी', 'बहुतेक ठिकाणी' हे ऐकून आपल्याला वाटतं की सरकारी माणूस अंग चोरतोय. पण हवामान खात्याच्या भाषेत हे शब्द मोजलेले आहेत. एखाद्या उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक. २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी. ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी. त्याच्यावर बहुतेक ठिकाणी. पावसाच्या जोरालाही अशीच मापं आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे एक पायरी, ११५.६ पासून दुसरी, २०४.४ च्या वर तिसरी. म्हणजे वरवर सपाट वाटणाऱ्या त्या वाक्यात क्षेत्र किती आणि जोर किती या दोन्ही गोष्टी भरलेल्या असायच्या. प्रेक्षकाला हे कुणी समजावून सांगितलं नाही, हा दूरदर्शनचा दोष. पण शब्द जपून वापरले जात, हा गुण.

तसंच ते कुलाबा आणि सांताक्रूझ. लहानपणी प्रत्येकाला वाटायचं, एकाच मुंबईचे दोन आकडे कशाला? उत्तर २६ जुलै २००५ ला मिळालं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात एक शहर बुडालं आणि एक शहर ऑफिसातून वेळेवर निघायच्या गोष्टी करत होतं. दोन आकडे रोज वाचण्यामागे हाच अर्थ होता: 'मुंबईत पाऊस' असं काही नसतं, पाऊस कुठे आहे हे विचारावं लागतं.

आणि मग ते वाक्य. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

हे वाक्य नाशिकला ऐकू यायचं. सोलापूरला, नागपूरला, जिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे तिथेही. ज्यांनी जन्मात होडी पाहिली नाही अशी माणसं आमटी ढवळता ढवळता रोज संध्याकाळी ऐकायची की आज समुद्र खवळलाय आणि कुणीतरी आत जाऊ नये. इशारा आपल्यासाठी नव्हता. तरी तो आपल्यासमोर दिला जात होता.

मला वाटतं, १९९८ साली जन्मलेल्या आमच्या मित्राला जे मिस होतं, ते हे आहे. दुसऱ्याचं हवामान ऐकण्याची सवय.

पण इथेही थांबून स्वतःला चिमटा काढायला हवा. टीव्हीवरचं ते वाक्य आपल्याला चांगलं वाटायचं, ते मच्छीमारापर्यंत पोहोचत होतं का? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी मच्छीमार आधीच समुद्रात होते, आणि त्यातले अनेक परत आले नाहीत. पाण्यात असलेल्या माणसाकडे टीव्ही नसतो. म्हणजे नाशिकला ऐकू आलेलं वाक्य ज्याच्यासाठी होतं त्यालाच ऐकू आलं नाही, असंही घडू शकत होतं. जुन्या बातम्यांचा हा सर्वांत मोठा दोष, आणि हुरहुर वाटणाऱ्यांनी तो विसरू नये.

तार आली, नकाशा गेला

१९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला. त्याची एक गंमत आहे. ज्या उपग्रहावरून दूरदर्शनचे कार्यक्रम देशभर पोहोचायचे, त्याच उपग्रहावर ढगांचे फोटो घेणारं यंत्र होतं. टीव्ही आणि हवामान एकाच घरात राहत होते. बातम्यांच्या शेवटी पांढऱ्या ढगांचं ते धूसर चित्र यायचं, त्यात भारत असायचा, दोन्ही बाजूंचे समुद्र असायचे. आज वाटतं तसं ते चित्र सुंदर वगैरे नव्हतं. पण ते पूर्ण होतं.

मग १९९१-९२ मध्ये स्टार आणि झी आले. गल्लीतल्या केबलवाल्यानं झाडांवरून, गच्च्यांवरून तार ओढली. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, आणि २००७ मध्ये मराठीत चोवीस तास बातम्या. लक्षात घ्या, २६ जुलैच्या पुराच्या वेळी मराठीत चोवीस तासांची बातम्यांची वाहिनी नव्हती. दोन वर्षांनी दोन-दोन आल्या. त्यांना पावसाळा हा पहिल्या दिवसापासून बातमी म्हणून मिळाला, माहिती म्हणून नाही.

दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? माहिती आधी येते, बातमी नंतर. हवामानाचं निवेदन उद्याबद्दल बोलतं. वाहिनीवरचा पाऊस आत्ताबद्दल बोलतो: गुडघाभर पाण्यात उभा असलेला वार्ताहर, त्याच्यामागून मुद्दाम पाणी उडवत जाणारी रिक्षा, स्टुडिओतून "तिथे नेमकी काय परिस्थिती आहे?" हा प्रश्न, आणि "आपण पाहू शकता" हे उत्तर. हिंदमाताचं पाणी दर वर्षी दिसतं. ते का साचतं, समुद्राला भरती कधी आहे, पंप किती आहेत, हे कधीतरीच सांगितलं जातं. उद्या काय होणार, हे पट्टीवर धावत जातं.

यामागे कुणाचा दुष्टपणा नाही, हिशेब आहे. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला माणूस थांबवून ठेवायचा असतो. चांगलं हवामान-निवेदन माणसाला दोन मिनिटांत मोकळं करतं: ऐकलं, कळलं, उठलो. पाण्यातला वार्ताहर मोकळं करत नाही. त्याला बघून काहीच कळत नाही, म्हणून आपण बघत राहतो.

या हिशेबात शब्द सर्वांत आधी झिजले. 'मुसळधार' हा शब्द आता कुठल्याही पावसाला लागतो. 'आभाळ फाटलं' हे आठवड्यातून दोनदा होतं. आणि 'रेड अलर्ट'! हवामान खात्याच्या चार रंगांत हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. हे रंग प्रशासनाला आणि लोकांना काय करायचं ते सांगण्यासाठी आहेत. पडद्यावर मात्र लाल म्हणजे फक्त घाबरा. काय करा, हे सांगणारा शब्द गळून गेला आणि रंग उरला.

जागा रिकामी राहिली की कुणीतरी येऊन बसतं. मराठवाड्यात पंजाबराव डख यांचे अंदाज शेतकरी इतके का ऐकतात, याची चेष्टा शहरात होते, आणि हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेपही घेतलेले आहेत. ते आक्षेप योग्यच आहेत. पण त्यांची बोलण्याची तऱ्हा ऐका. ते शेतकऱ्याशी बोलतात, तारीख सांगतात, सोयाबीन कधी काढून झाकून ठेवा हे सांगतात. अंदाज शास्त्रीय असो-नसो, निवेदनाचा आकार जुना आहे: अमुक माणसानं अमुक करावं. 'आमची माती आमची माणसं' बघून वाढलेल्या प्रेक्षकाला तो आकार ओळखीचा वाटतो. वाहिन्यांनी जो सोडून दिला तो त्यांनी उचलला.

गुलाब आणि शाहीन

आता समुद्राच्या या बाजूला येऊ. कारण माझी खरी तक्रार इथून सुरू होते.

२६ सप्टेंबर २०२१ ला गुलाब नावाचं चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. जमिनीवर त्याचा जोर ओसरला, पण उरलेला पाऊस घेऊन ते पश्चिमेकडे सरकत राहिलं. २७-२८ सप्टेंबरला मराठवाडा बुडाला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, बीड-लातूर-उस्मानाबादमध्ये नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली, काढणीला आलेलं सोयाबीन कुजलं. मराठी वाहिन्यांवर दोन दिवस हेच होतं. मग पाऊस थांबला, नेत्यांचे बांधावरचे दौरे सुरू झाले, आणि वाहिन्यांच्या दृष्टीनं ती गोष्ट संपली.

ती संपली नव्हती. तेच वादळ गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं आणि तिथे पुन्हा बळावलं. मधे जोर गेलेला असल्यामुळे त्याला नवं नाव मिळालं, शाहीन. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळलं. बातिना भागातली गावं पाण्याखाली गेली, माणसं दगावली. इकडे अमिरातीत, विशेषतः अल ऐनमध्ये, सावधगिरीचे आदेश निघाले.

लातूरच्या शेतातलं सोयाबीन नासवणारं वादळ आठवड्याच्या आत मस्कतजवळच्या खजुरीच्या बागांवर आलं. माझ्या बिल्डिंगमध्ये लातूरचं एक कुटुंब राहतं. त्यांनी आधी गावाकडच्या काळजीत दोन रात्री काढल्या आणि मग इथल्या काळजीत एक. ते एकच वादळ आहे, हे त्यांना कुणीही सांगितलं नाही. मराठी वाहिनीसाठी गोष्ट मराठवाड्याच्या सीमेवर संपली, इथल्या माध्यमांसाठी ती समुद्रात सुरू झाली. दोन्हींच्या मधला नकाशा कुणाच्याच पडद्यावर नव्हता.

आणि हा नकाशा खरंतर तयार आहे. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांची नावं आणि इशारे देण्याची जबाबदारी जागतिक हवामान संघटनेनं दिल्लीच्या केंद्राकडे दिलेली आहे. तेरा देशांनी मिळून नावांची यादी केली आहे, आणि त्यात अमिरातही आहे. गुलाब हे नाव पाकिस्ताननं दिलं होतं, शाहीन कतारनं. शास्त्रज्ञ एकाच समुद्राचं बोलतात. फक्त टीव्हीसाठी त्याचे तुकडे आहेत.

गंमत म्हणजे भाषेलाही हे माहीत आहे. 'मोसम' अरबीतून आला, त्यावरूनच मोसमी वारे. 'हवामान' या आपल्या सरळ शब्दात 'हवा' अरबी आहे आणि 'मान' संस्कृत. ऑगस्टच्या अखेरीस पहाटे सुहैल तारा दिसला की इथले लोक म्हणतात उन्हाळ्याचा कडाका आता ओसरणार, आणि इथली वर्तमानपत्रं दर वर्षी ती बातमी छापतात. तो सुहैल म्हणजे आपला अगस्ती. आपल्याकडे त्याचा उदय पावसाळा सरत आल्याची खूण. तारा एक, समुद्र एक, दोन्ही किनाऱ्यांवरची माणसं त्याच्याकडे बघून वेगवेगळी वाक्यं म्हणतात.

टीव्हीसुद्धा एकेकाळी हवेवर अवलंबून होता, अगदी शब्दशः. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर गरम हवेचा थर असा बसतो की रेडिओलहरी त्याखाली अडकून फार दूर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी यायचे. मुंबईत गच्चीवरचा अँटेना फिरवून लोक कराचीची नाटकं बघायचे. केबलनं हा चंचलपणा संपवला, चित्र स्वच्छ झालं. आज शारजात बसून मला मराठी वाहिनी मुंबईइतकीच स्वच्छ दिसते. तिच्यावर मी जिथे आहे ती जागा मात्र नसते.

१६ एप्रिल

असते कधी? बुडाल्यावर.

१६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत पडला तो पाऊस १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत जास्त होता. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. दुबई विमानतळाची धावपट्टी तळ्यासारखी दिसत होती. इशारे आधी आले होते. राष्ट्रीय हवामान केंद्रानं अंदाज दिला होता, आदल्या दिवशी शाळा ऑनलाइन झाल्या होत्या, सरकारी कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं.

दुपारी आईचा फोन आला. "अगं, दुबई बुडाली म्हणतायत. तू कुठेयस?" मी शारजात, पाचव्या मजल्यावर, खाली गाड्यांची टपं दिसत होती. तिनं जे पाहिलं होतं ते मी खिडकीतून बघत होते, पण तिला ते घाबरवणाऱ्या संगीतासह दिसत होतं. दुसरा प्रश्न आला, "ते कृत्रिम पाऊस पाडायला गेले आणि हे झालं ना?" संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर हेच होतं. मामा, आत्या, पुण्यातला भाऊ. वाहिन्यांनी प्रश्नचिन्ह लावून तेच विचारलं होतं, आणि प्रश्नचिन्ह लावलं की जबाबदारी संपते.

हवामान केंद्रानं स्पष्ट सांगितलं की त्या वादळात ढगांत बी पेरलं गेलं नव्हतं. पण मला इथे दुसऱ्याच गोष्टीचा राग येतो. कृत्रिम पाऊस म्हणजे काय, हे जगात कुणाला माहीत असायला हवं तर मराठी प्रेक्षकाला. २००३ मध्ये महाराष्ट्रात तो प्रयोग झाला, २०१५ मध्ये झाला, २०१९ मध्ये मराठवाड्यासाठी पुन्हा झाला. विमानं उडाली, वाहिन्यांनी ती दाखवली, पाऊस किती पडला यावरून भांडणं झाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूरला पद्धतशीर प्रयोग केले, आणि अनुकूल ढग असतील तर पाऊस सुमारे १८ टक्के वाढू शकतो असा निष्कर्ष आला. अठरा टक्के, तेही ढग आधीच असतील तर. ज्या राज्यानं तीनदा हे करून पाहिलं आणि दुष्काळ हटला नाही, त्याच राज्यातल्या वाहिन्या विचारत होत्या की या विमानांनी एका दिवसात वाळवंट बुडवलं का.

जुनं हवामान-निवेदन हे समजावून सांगू शकलं असतं का? नाही, त्याला दोन मिनिटं मिळायची. पण रोज येणाऱ्या दोन मिनिटांनाही एक स्मृती असते. काल किती पडला, सरासरी किती, गेल्या वर्षी किती. ज्याचा पाऊस फक्त धक्का देण्यापुरता येतो, त्याच्याकडे स्मृती नसते. प्रत्येक पूर पहिला, प्रत्येक वादळ अभूतपूर्व.

आपला ठिपका, आपलं ऊन

मग आपण तरुण मंडळी काय करतो? टीव्ही बघतच नाही. ॲप उघडतो. नकाशावर निळा ठिपका, त्याच्यावर आकडा, '४४, भासतं ५१ सारखं'. बरोबर असतो बहुतेकदा. आणि तो फक्त माझ्यासाठी असतो.

इथे राहणाऱ्या प्रत्येकानं एक अफवा ऐकली आहे: पन्नासच्या वर तापमान गेलं तर काम बंद ठेवावं लागतं, म्हणून सरकारी आकडा नेहमी ४९ वर थांबतो. वेधशाळेच्या छत्रीच्या विनोदाचा हा आखाती भाऊ. ही अफवा खरी नाही. मे २०२५ मध्ये स्वैहान इथे ५१.६ अंशांची अधिकृत नोंद जाहीर झाली. आणि कामाचा नियम तापमानावर नाही, तारखेवर आणि घड्याळावर आहे: १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्या उन्हात काम बंद. वीस वर्षांहून जास्त काळ तो लागू आहे.

पण अफवा का टिकते ते बघा. आकडा कुणासाठी आहे हे महत्त्वाचं आहे, ही गोष्ट तिच्यात बरोबर पकडलेली आहे. माझ्या ॲपवरचा ४४ मला सांगतो की गाडीचा एसी आधी सुरू कर. तोच ४४ मचाणावरच्या कामगाराला, डिलिव्हरीच्या मोटरसायकलवर बसलेल्या पोराला वेगळं सांगतो. त्याला काय सांगतो ते मला माझ्या ॲपवर दिसत नाही. १६ एप्रिलला मला घरून काम करता आलं. त्या रात्री खालच्या रस्त्यावर पाण्यातून बाइक ढकलत जेवणाची ऑर्डर घेऊन येणारा मुलगा होता. ऑर्डर आमच्याच मजल्यावरची होती. मागवणाऱ्याचं ॲप बिघडलेलं नव्हतं. त्यावर लाल इशारा होता, पण तो मागवणाऱ्यासाठी होता, आणि त्याच्यापुरता त्यानं तो पाळला होता: घराबाहेर पडला नाही.

दोष त्या शेजाऱ्याचा आहे, असं म्हणून मी सुटू शकत नाही. आठवड्याभरात मीही मागवलंच. मुद्दा असा की इशारा इतका वैयक्तिक झालाय की दुसऱ्याचा धोका आपल्याला माहितीच्या रूपात दिसतच नाही. दूरदर्शनचं ते नीरस वाक्य जे करत होतं ते हेच. ते एकाला सांगत होतं, सगळ्यांसमोर. त्यामुळे उद्या बाजारात मासळी का नाही, हे नाशिकच्या माणसाला आज कळत होतं. त्यात कुणीतरी जीव मुठीत धरून काम करतं, हेही.

म्हणून या हुरहुरीबद्दलचा माझा निर्णय असा: ती खोटी नाही, तिचा पत्ता चुकलाय. आपल्याला दूरदर्शन नकोय. तो एकमेव सरकारी आवाज नको, समजावून न सांगितलेले शब्द नकोत, समुद्रात असलेल्याला न पोहोचणारा इशाराही नको. आजचे अंदाज हवेत, कारण ते चांगले आहेत. हवं आहे ते निवेदन. ज्यात 'कोणी काय करावं' हे असेल, ते इतरांनाही ऐकू येईल, आणि ज्याचा नकाशा समुद्राच्या मधोमध फाटलेला नसेल.

हे कोण करेल? वाहिन्या करतील असं मला वाटत नाही. त्यांचा हिशेब वर मांडलाय. पण रत्नागिरी-रायगडची माणसं पन्नास वर्षं आखातात ये-जा करतायत, त्यांच्या घरी एक माणूस या किनाऱ्यावर आणि बाकीचे त्या. अरबी समुद्राचं एकत्र हवामान ही त्यांच्यासाठी कौटुंबिक बाब आहे. आपल्यासारख्या छोट्या पॉडकास्टला एवढं तरी जमायला हवं.

म्हणून या वेळच्या भागाच्या शेवटी आम्ही एक गोष्ट केली आहे, ऐकणाऱ्यांना कदाचित विचित्र वाटेल. त्या दिवशीचं भारतीय हवामान विभागाचं मच्छीमारांसाठीचं निवेदन आणि इथल्या हवामान केंद्राचं समुद्राविषयीचं निवेदन, दोन्ही एकामागोमाग एक, मराठीत, सावकाश वाचून दाखवलं आहे. लाटांची उंची, वाऱ्याचा वेग, कुणी कुठे जाऊ नये. दीड मिनिट लागलं. आमच्या ऐकणाऱ्यांत मच्छीमार कुणी नसेल.

ते १९९८ वालं पोरगंच वाचत होतं. पहिल्याच टेकमध्ये 'तुरळक'वर अडखळलं. तसंच ठेवलंय.